दप्तर राखणे आणि दप्तर उघडणे

वाङ्मयाची समीक्षा करताना आपण छापून हाती आलेल्या ग्रंथाचे गुणदोष पाहतो. तो ज्या कागदांच्या आधारे लिहिला गेला ते कोठे होते, कोणाच्या ताब्यात होते आणि ते पाहण्याची मुभा कोणाला होती, हे प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचे मानले जातात. आम्हांस हे मान्य नाही. इतिहासग्रंथाचे बरेवाईट जसे लेखकाच्या बुद्धीवर अवलंबून असते, तसेच ते दप्तरखान्याच्या दारावरही अवलंबून असते. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादिलेल्या ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ या ४५ खंडांच्या ग्रंथमालेचा विचार याच दृष्टीने प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आणि त्यातून जे निष्पन्न होईल ते आपल्या धर्मग्रामांतील नोंदवह्यांना लावून पाहावयाचे आहे.

हा विषय आम्हांस सुचला तो हिंजवडीमुळे. मुळशी तालुक्यातील हे गाव पंचक्रोशीत म्हातोबाच्या यात्रेसाठी आणि बगाडासाठी ओळखले जाते. देशभर ते राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे ठाऊक झाले आहे. येथील जुन्या शेतकरी कुटुंबांना कागदाची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. जमिनी संपादित झाल्या, विकल्या गेल्या, भावाभावांत वाटण्या झाल्या. प्रत्येक वेळी सातबाऱ्यावरील एका ओळीने घराचे भवितव्य ठरले. हा उतारा मिळवण्यासाठी पूर्वी तलाठ्याकडे खेटे घालावे लागत. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. कोणती जमीन कोणाच्या नावावर आहे हे शेजाऱ्यालाही पाहता येते, आणि त्यामुळे काही आकाश कोसळलेले नाही.

याच हिंजवडीच्या परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेली आपली कॅथलिक कुटुंबे वसईहून, अहिल्यानगर जिल्ह्यातून, गोव्याहून, मंगळूरहून आलेली आहेत. मुलामुलीचे लग्न ठरले की मूळ गावच्या धर्मग्रामातून स्नानसंस्काराचा ताजा दाखला आणावा लागतो, आणि तो बहुधा मिळतोही. कारण तो ख्रिस्तसभेलाच हवा असतो. परंतु एखादा तरुण जेव्हा विचारतो, “आमचे पणजोबा ख्रिस्ती केव्हा झाले? त्यांचे गाव कोणते? त्यांच्या आईचे नाव काय होते?” तेव्हा उत्तराची तऱ्हा पालटते. वही जुनी झाली आहे, कपाटाची किल्ली सापडत नाही, लॅटिन वाचणारे कोणी नाही, फादरांची बदली झाली आहे, आणि मुळात हे तुम्हांला कशाला हवे? आम्ही स्वतः याच व्यवस्थेत आयुष्य घालवले असल्यामुळे ही उत्तरे आम्हांस परकी नाहीत. या अखेरच्या प्रश्नाचाच विचार येथे करावयाचा आहे. कारण हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी पुण्यात पेशवे दप्तराच्या दारातही विचारला जात होता.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचे कागद इंग्रजांच्या हाती गेले. कापडी रुमालांत बांधलेले, बहुतांशी मोडी लिपीतील हे हजारो गठ्ठे नव्या सरकारने सांभाळले ते इतिहासप्रेमाने नव्हे. जमाबंदी, वतने आणि इनामे यांचा निर्णय करण्यास ते उपयोगी होते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा लोकांच्या इनामांची छाननी अशाच कागदांवरून झाली. दप्तर हा सरकारच्या दृष्टीने पुरावा होता. आणि जो पुरावा सरकारच्या कामी येतो तो उद्या प्रजेच्याही कामी येईल, ही धास्ती ओघानेच आली. ज्या कचेरीत हे दप्तर ठेवले होते ती ‘एलिअनेशन ऑफिस’ या नावाने ओळखली जाई. दप्तर नीट बांधलेले होते, वाळवीपासून जपलेले होते आणि बंद होते.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या काळात या दाराला थोडी फट पडली. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी पेशव्यांच्या रोजनिशांतून उतारे काढले आणि त्यांच्या आधारे रानड्यांनी १९०० साली आपला सुप्रसिद्ध निबंध वाचला. बखरींतून दिसणाऱ्या स्वाऱ्याशिकाऱ्यांच्या पलीकडे न्याय, कर, चलन आणि सामाजिक रीती यांचा केवढा संसार होता, हे त्या थोड्या उताऱ्यांनीच दाखवून दिले. पण ही सवलत वजनदार माणसांपुरती होती. म्हणून वि. का. राजवाडे यांनी सरकारी दाराची वाट न पाहता गावोगाव हिंडून खाजगी घरांतील कागद जमवले. १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि मालेचे २२ खंड निघाले. १९१० साली त्यांच्याच पुढाकाराने पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. महाराष्ट्राचे इतिहाससंशोधन हे मोठ्या अंशी अशा सामान्य घरांच्या औदार्यावर उभे आहे. सरकारने जे नाकारले ते माळ्यावरच्या पेट्यांनी दिले.

या पार्श्वभूमीवर मुंबई सरकारने सरदेसाई यांच्याकडे दप्तरातील निवडक कागद प्रसिद्ध करण्याचे काम सोपवले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या सेवेतून निवृत्त होऊन कामशेतला राहणारा हा गृहस्थ त्या वेळी साठी ओलांडून गेलेला होता. १९३० ते १९३४ या अवघ्या काही वर्षांत ४५ खंड बाहेर पडले. एवढ्या रुमालांतून हात फिरवणे, मोडीचे बाळबोध करणे, तिथीमिती जुळवणे, विषयवार मांडणी करणे, हे काम पाहून आजही छाती दडपते. मराठ्यांच्या इतिहासावर त्यानंतर जे लिहिले गेले, त्याचे ऋण या मालेकडे जाते. हे ऋण मान्य करूनच पुढील आक्षेप आम्ही मांडत आहोत.

पहिला आक्षेप नावातच आहे. हे ‘निवडलेले’ कागद आहेत. निवड करणे हा संपादकाचा हक्क आहे. परंतु वाचकाला मूळ रुमालाकडे जाण्याची वाट नसेल, तर निवडीचा निवाडा होऊन बसतो. काय घेतले हे दिसते. काय वगळले हे कळण्यास मार्ग राहत नाही. दुसरा आक्षेप दृष्टीचा. काही भाग सामाजिक बाबींना दिलेला असला, तरी मालेचा मोठा भर राजकारणावर आणि मोहिमांवर आहे. तो त्या काळाचा स्वभाव होता. आजच्या अभ्यासकाला दुष्काळातील धान्याचे भाव, कुणबिणींची खरेदीविक्री, बलुत्याचे तंटे हवे असतात. त्याला संपादकाच्या चाळणीखाली काय उरले ते पाहायचे असते. तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. या कामावरून एका बाजूस सरदेसाई व त्यांचे स्नेही जदुनाथ सरकार आणि दुसऱ्या बाजूस पुण्यातील संशोधक यांच्यात कटुता आली. आपल्याकडे हा वाद स्वभावांचा आणि मानापमानाचा म्हणून सांगितला जातो. आमच्या मते त्याचे मूळ व्यवस्थेत होते. एकाला दार उघडले आणि इतरांना बाहेर ठेवले, तर आतल्याचे काम कितीही प्रामाणिक असो, बाहेरच्याचा संशय संपत नाही. दार सर्वांना खुले असते तर वाचनातील चुका इतरांनी दुरुस्त केल्या असत्या आणि ती विद्वत्तेची नित्याची रीत ठरली असती. बंद दाराने दुरुस्तीला भांडणाचे रूप दिले.

आता हे आपल्याशी कसे निगडित आहे ते पाहू. वसईच्या मोहिमेच्या पत्रांना, म्हणजे १७३७ ते १७३९ या वर्षांना, या मालेत स्वतंत्र स्थान मिळाले आहे. पत्रे लिहिणाऱ्या सरदारांची नजर तटबंदी, मोर्चे आणि दारूगोळा यांच्यावर खिळलेली होती, आणि ते स्वाभाविकच आहे. त्या मुलखातील ख्रिस्ती रयत त्यांत ओझरती दिसते. दुसरी बाजू पोर्तुगीज कागदांत आहे. गोव्याचे दप्तर १५९५ साली इतिहासकार दियोगु द कोत याच्या हाती सोपवले गेले, इतके ते जुने आहे. विसाव्या शतकात त्याची धुरा वाहिली ती पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर या गोमंतकीय हिंदू विद्वानाने. त्यांनी कागदांची मार्गदर्शिका तयार केली आणि पुढे ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा मराठी ग्रंथ १९६७ साली दिला. दप्तर उघडणे म्हणजे केवळ कुलूप काढणे नव्हे. कोणत्या गठ्ठ्यात काय आहे हे सांगणारी यादी हीच खरी किल्ली, हा पिसुर्लेकरांच्या कार्याचा धडा आहे.

पुण्याच्या नाना पेठेतील आपले सिटी चर्च पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ साली उभे राहिले. पेशव्यांच्या चाकरीत असलेल्या गोमंतकीय ख्रिस्ती शिपायांसाठी ही जागा मिळाली, ही हकिगत पुण्यातील कॅथलिक घरांत अभिमानाने सांगितली जाते. असा अभिमान कागदावर टेकलेला असावा, ऐकीव कथेवर नव्हे. आपल्या समाजाचा महाराष्ट्रातील मुक्काम उपरा नाही हे ज्यांना सिद्ध करावयाचे आहे, त्यांना मोडी रुमाल आणि चर्चच्या वह्या या दोहोंचीही गरज आहे.

दप्तर बंद राहिले तर गैरसोय होते. ते नष्ट झाले तर काय होते, याचे उदाहरणही गोव्यातच आहे. १५६० साली तेथे धर्मन्यायालय सुरू झाले आणि मधला थोडा काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. ते बंद झाल्यावर त्याची बहुसंख्य कागदपत्रे जाळण्यात आली. त्या वेळच्या धुरिणांना वाटले असेल की लज्जास्पद प्रकरण मिटले. प्रत्यक्षात उलटे झाले. अ. का. प्रियोळकर यांना १९६१ साली या विषयावर ग्रंथ लिहिताना प्रवाशांच्या हकिगतींवर आणि विखुरलेल्या कागदांवर विसंबावे लागले. आज त्या न्यायालयाविषयी कोणी काहीही म्हटले तर ते खोडून काढण्यास किंवा नेमकेपणाने कबूल करण्यास आपल्यापाशी पुरेसे साधन नाही. इकडे लिस्बनच्या धर्मन्यायालयाची प्रकरणे तेथील राष्ट्रीय दप्तरखान्याने, तोर्रे दो तोम्बोने, संगणकावर कोणालाही पाहता येतील अशी ठेवली आहेत. कागद जाळल्याने आरोप जळत नाहीत. निरपराधाची साक्ष मात्र जळते, आणि ज्यांनी सोसले त्यांची नावेही जळतात.

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या मुकुटमण्याचीही कथा अशीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा रोमन लिपीत छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मग हे पुराण वाचले कसे? श्रद्धाळू कुटुंबांनी हाताने उतरवलेल्या प्रती पिढ्यान्पिढ्या जपल्या, आणि अशा हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे आवृत्ती काढली. दुसरीकडे विल्यम मार्सडेन या इंग्रज संग्राहकाने आपला ग्रंथसंग्रह लंडनच्या किंग्ज कॉलेजला दिला होता. तो पुढे तेथील प्राच्यविद्येच्या शाळेत आला आणि त्यात जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मराठी मिशनच्या अभ्यासकाला देवनागरी लिपीतील पोथी आढळली. १९२३ साली त्यांनी ही वार्ता प्रसिद्ध केली. पुढे १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांची आणि १९९६ साली कॅरिदाद द्रागो यांची देवनागरी आवृत्ती निघाली. कॅथलिक पुरोहिताची रचना एका प्रॉटेस्टंट अभ्यासकाच्या हाती लागावी, हे केवळ त्या ग्रंथालयाचे दार परक्यालाही खुले होते म्हणून घडले. तेथील ग्रंथपालाने अ‍ॅबट यांना “हे तुम्हांला कशाला हवे?” असे विचारून परत पाठवले असते, तर काय झाले असते याचा विचार वाचकांनी करावा.

ख्रिस्तसभेची भूमिका याबाबत संदिग्ध नाही. पोप लिओ तेरावे यांनी १८८१ साली व्हॅटिकनचे दप्तर विद्वानांना खुले केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली त्या दप्तराच्या नावातील ‘गुप्त’ हा शब्द काढून टाकला आणि २ मार्च २०२० रोजी पोप पायस बारावे यांच्या कारकिर्दीचे कागद अभ्यासकांसमोर ठेवले. महायुद्धकाळातील त्यांच्या मौनावरचा वाद त्यामुळे मिटलेला नाही; पण तो आता तर्कावर न चालता कागदांवर चालतो, हा लाभ लहान नाही. कॅनन लॉच्या १९८३ च्या संहितेतील ५३५ वे कलम प्रत्येक धर्मग्रामाने स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या ठेवाव्यात व जुन्या वह्या काळजीपूर्वक जतन कराव्यात असे सांगते. ४८७ वे कलम तर त्याहून पुढे जाते: स्वरूपाने सार्वजनिक असलेल्या आणि आपल्या वैयक्तिक स्थितीशी संबंधित असलेल्या कागदाची अधिकृत प्रत मिळणे हा त्या व्यक्तीचा हक्क आहे. संहितेने येथे ‘कृपा’ म्हटलेले नाही. देशाचा कायदाही याच दिशेने आला आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराने सरकारी कचेरीला ३० दिवसांत उत्तर देण्याचे बंधन घातले. तो कायदा सर्वसाधारणपणे चर्चच्या वहीला लागू होत नाही. पण गावच्या कचेरीत जी वागणूक नागरिकाला मिळते, तीहून हलकी वागणूक त्याला प्रभूच्या घरात मिळावी काय?

याविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात ते पोकळ नाहीत. नोंदवहीत अविवाहित मातेचे नाव असते, दत्तक मुलाची हकिगत असते, मोडलेल्या विवाहाची टीप असते. आपल्या प्रांतात आणखी एक नाजूक बाब आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाहीत. जुन्या वहीतील जातीचा वा धर्मांतराचा उल्लेख कोणाच्या हाती पडून एखाद्या गरीब घराच्या मुलाचे शिक्षण वा नोकरी धोक्यात येऊ शकते. कागदांमुळे समाजात प्रक्षोभ उसळण्याचाही अनुभव पुण्याला आहे. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर एका पुस्तकाच्या निमित्ताने हल्ला झाला आणि त्यात त्या पुस्तकाशी संबंध नसलेल्या पोथ्यांनाही इजा पोचली. म्हणून “सगळे उघडा” असे आम्ही म्हणत नाही.

पण या आक्षेपांचे उत्तर नियमाने द्यावयाचे असते, कुलुपाने नव्हे. जिवंत माणसाची अब्रू राखणे आणि मृत माणसाचे नाव दडवणे यांत अंतर आहे. शिवाय ज्यांच्या अब्रूची काळजी वाहिली जाते, त्यांच्याच हक्काचा विसर पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येशूसंघीय मिशनऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्याच्या खेड्यांत ज्यांना स्नानसंस्कार दिला, त्यांतील बहुतेकांच्या नावे जमीन नव्हती, वतनाची सनद नव्हती, घराणे सांगणारी बखर नव्हती. त्यांच्या वंशजांना पेशवे दप्तरात पणजोबा शोधून सापडणार नाहीत. चर्चच्या वहीत मात्र त्या माणसाचे नाव, त्याच्या आईबापांचे नाव आणि गाव शाईने लिहिलेले आहे. ज्यांना दुसरा कागदच नाही, त्यांना हा एक कागद दाखवण्यास आपण कुरकुर करावी, हे आम्हांस अन्यायाचे वाटते. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जुन्या कागदातील एका शब्दावर किती घरांचे भवितव्य अवलंबून असते आणि मोडी वाचणारे किती थोडे उरले आहेत, हे सर्वांनी पाहिले. आपल्या लॅटिन आणि पोर्तुगीज वह्यांचीही तीच गत होणार आहे.

संदेष्टा यिर्मया याने अनाथोथचे शेत विकत घेतले तेव्हा खरेदीखताच्या दोन प्रती केल्याचे पवित्र शास्त्र सांगते: एक मोहोरबंद आणि एक उघडी. दोन्ही त्याने मातीच्या भांड्यात ठेवावयास लावल्या, त्या दीर्घकाळ टिकाव्यात म्हणून. मोहोरबंद प्रत मजकुरात कोणी फेरफार करू नये यासाठी. उघडी प्रत कोणालाही वाचता यावी यासाठी. वेढा पडलेल्या नगरात, उद्याची शाश्वती नसताना, त्याने दोन्ही कर्तव्ये एकत्र पार पाडली. आपण पहिल्यालाच संपूर्ण कर्तव्य समजून बसलो आहोत.

तेव्हा प्रत्येक धर्मग्रामासाठी आमच्या सूचना साध्या आहेत. जुन्या वह्यांची यादी करावी आणि ती चर्चच्या कचेरीत लावावी. फाटू लागलेल्या वह्यांची छायाचित्रे घेऊन एक प्रत धर्मप्रांताच्या दप्तरात ठेवावी. आपल्या हिंजवडीच्या संगणक-अभियंत्यांना हे काम एका उन्हाळ्याचे आहे. स्वतःच्या नोंदीची प्रत मागणाऱ्यास ती ठरावीक दिवसांत मिळावी. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी अभ्यासकांना व वंशजांना पाहू द्याव्यात. त्यानंतरच्या नोंदींसाठी संबंधितांची संमती लागावी. नकार द्यावयाचा झाल्यास तो कारणासह लेखी द्यावा. हे नियम बिशपांच्या मान्यतेने ठरले, म्हणजे ते एखाद्या फादरांच्या स्वभावावर अवलंबून राहणार नाहीत.

आणि काही भार कुटुंबांनीही उचलावा. ‘निरोप्या’चे जुने अंक, आजोबांची पत्रे, मिशनशाळेचे दाखले, हाताने उतरवलेली गीते ज्या घरांत आहेत, त्यांनी ती रद्दीत न घालता निदान त्यांची नक्कल धर्मग्रामाच्या दप्तरात द्यावी. राजवाड्यांना घरोघरी कागद मिळाले म्हणून मराठ्यांचा इतिहास उभा राहिला. महाराष्ट्रातील मराठी कॅथलिकांचा साधार इतिहास लिहिणारा कोणी उद्या आपल्या दाराशी येईल. त्याला काय हवे आहे ते विचारण्याआधी आपण कपाटाची किल्ली शोधून ठेवावी.